स्वयंपाकघरातील जुनी कपाटे कमी खर्चात नवी करताना: कामाचा योग्य क्रम

कपाटांना रंग दिला आणि दोन-तीन महिन्यांत मुठींभोवती पोपडे सुटू लागले, ही तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा रंगाच्या डब्याला दिला जातो, पुढच्या वेळी अधिक महाग डबा आणला जातो आणि तोही त्याच जागी सुटतो. प्रत्यक्षात रंग सुटतो तो त्याच्याखाली राहिलेल्या तेलकट थरामुळे, किंवा पुरता मुरण्याआधीच दारे बसवून वापरायला घेतल्यामुळे. ही दोन्ही कारणे दूर करायला पैसा फारसा लागत नाही, पण दिवस लागतात. खर्च कमी ठेवायचा असेल तर एकच काम दोनदा करावे लागू नये, एवढे पाहिले की निम्मी बचत तिथेच होते.

या लेखात कपाटांचे सांगाडे जागच्या जागी ठेवून केवळ दारे, खणांची तोंडे, दर्शनी पट्ट्या, बिजागऱ्या आणि मुठी यांचा विचार केला आहे.

टप्पा १: दार कशाचे आहे ते ओळखणे

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक दार उतरवावे आणि त्याची आतली बिजागरी काढून पाहावी. दाराच्या आत दडणाऱ्या बिजागरीची वाटी काढली की ३५ मिलिमीटर व्यासाचे गोल भोक उघडे पडते आणि त्याच्या कडेवर दाराचे अंतरंग दिसते. एकावर एक थर दिसले तर ते प्लायवूड, भुशाचे जाडेभरडे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड आणि पुठ्ठ्यासारखा एकजीव तपकिरी भाग दिसला तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला फळा, समजावे. पृष्ठभागही पाहावा. कडेला बारीक गडद रेघ दिसत असेल तर वर लॅमिनेट, म्हणजे ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो, ते चिकटवलेले असते. दर्शनी बाजू आणि कडा यांवर एकच पातळ आवरण कोठेही जोड न दिसता वळलेले असेल, तर ते मेम्ब्रेनचे दार होय.

ओळख पटवण्याचे कारण असे की प्रत्येकाची खोड वेगळी असते. लॅमिनेट गुळगुळीत असल्यामुळे त्यावर साधा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, धरत नाही. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी आणि रंग दोन्ही शोषतात. मेम्ब्रेन शेगडीजवळच्या उष्णतेने कोपऱ्यांतून सुटू लागते, आणि सुटलेल्या मेम्ब्रेनवर कितीही चांगला रंग दिला तरी तो आवरणासकट निघून येतो. असे आवरण असलेल्या दारावरून ते सगळेच्या सगळे सोलून काढावे आणि खालचा एमडीएफ रंगवावा.

तपासणी: पाण्याच्या सिंकखालच्या दारांच्या तळाच्या कडेवर अंगठ्याने दाबून पाहावे. फुगलेला किंवा मऊ झालेला पार्टिकल बोर्ड वाळवूनही पूर्ववत होत नाही, त्यामुळे अशी दारे रंगवण्याऐवजी तेवढीच नव्याने कापून घ्यावीत. निम्म्याहून अधिक दारांची ही अवस्था असेल तर रंगकामावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इशारा: कपाटांवर कित्येक दशकांपूर्वीचा तैलरंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासू नये आणि उष्ण हवेच्या बंदुकीनेही जाळू नये. आधी तो तपासून घ्यावा, आणि शिसे निघाल्यास हे काम जाणकाराकडे सोपवावे.

टप्पा २: हिशेब आणि एका दाराची चाचणी

रंग किती लागेल याचा अंदाज डोळ्यांनी न करता मोजून करावा. समजा, ६० बाय ४० सेंटिमीटरची १४ दारे आहेत. एका दाराची एक बाजू ०.२४ चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून ०.४८, आणि १४ दारांचे ६.७२ चौरस मीटर झाले. रंगाचे दोन हात द्यायचे म्हणजे साधारण साडेतेरा चौरस मीटर. एका लिटरमध्ये दहा चौरस मीटर होतात असे धरले, तर सव्वा ते दीड लिटर रंग पुरतो. डब्यावर व्याप्तीचा आकडा छापलेला असतो, तो घेऊन हीच आकडेमोड करावी. बहुतेक लोक चार लिटरचा डबा आणतात आणि त्यातील निम्म्याहून जास्त रंग पुढे वाळून जातो.

हात आखडता घ्यायचा कुठे आणि घ्यायचा नाही कुठे, हेही याच वेळी ठरवावे. कपाटांच्या आतल्या बाजू रंगवू नयेत. त्यांनी श्रम दुप्पट होतात आणि भांड्यांच्या घर्षणाने तिथला रंग सर्वांत आधी निघतो. जुन्या मुठी घासून-पुसून वापरता येत असतील तर अवश्य वापराव्यात. प्रायमर मात्र स्वस्तातला घेऊ नये, कारण सगळे काम त्याच्यावर उभे असते. लॅमिनेट, मेलामाइन (बोर्डावर कारखान्यातच बसवलेले पातळ, गुळगुळीत आवरण) किंवा चकचकीत जुन्या रंगासाठी, गुळगुळीत पृष्ठभागावर धरेल असे डब्यावर स्पष्ट लिहिलेला प्रायमर हवा.

रंगाची निवड करताना भिंतीचा रंग उरला आहे म्हणून तोच कपाटांना लावण्याचा मोह होतो. भिंतीचा रंग मऊ राहतो, सतत हात लागून मळतो आणि दोन रंगवलेल्या कडा एकमेकींना टेकल्या की चिकटतो. लाकूड व कपाटांसाठी बनवलेला पाण्यातला इनॅमल हा घरच्या घरी काम करणाऱ्यासाठी सर्वांत सोयीचा पर्याय आहे. तेलातला इनॅमल कठीण होतो आणि ब्रशच्या रेघा चांगल्या मिटवतो, पण पांढरी छटा घेतली तर ती काळानुसार पिवळी पडते, आणि प्रकाश न पोचणाऱ्या आतल्या बाजूला अधिकच. दोन घटक मिसळून करायचा पॉलियुरेथेन सर्वांत टिकाऊ असतो. मात्र तो फवारताना निघणारे आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे योग्य श्वसनयंत्र आणि अनुभव नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर बाकीची खरेदी थांबवून एकाच दाराच्या मागच्या बाजूवर तळहाताएवढ्या जागी धुण्यापासून रंगापर्यंतचा संपूर्ण क्रम करून पाहावा आणि एक आठवडा थांबावे. मग धारदार पात्याने तिथे दोन-दोन मिलिमीटर अंतरावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडाव्यात, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि एका झटक्यात ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या तर पुढे जावे. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर धुणे, घासणे किंवा प्रायमर यांपैकी काहीतरी चुकले आहे. ते एका दाराच्या कोपऱ्यात कळलेले बरे.

टप्पा ३: उतरवणे आणि क्रमांक देणे

दारे जागेवरच ठेवून रंगवल्याने वेळ वाचतो असे वाटते, परंतु बिजागऱ्यांवर रंग जातो, कडा राहून जातात आणि उभ्या पृष्ठभागावर ओघळ येतात. म्हणून सर्व दारे उतरवावीत, सर्व मुठी काढाव्यात आणि कपाटांच्या मांडणीचे साधे रेखाचित्र काढून प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा.

क्रमांक दारावर पेन्सिलीने लिहिला तर तो रंगाखाली जातो. तो बिजागरीच्या वाटीच्या भोकात लिहावा आणि वर मास्किंग टेपचा गोल तुकडा दाबावा. हा भाग रंगवायचा नसतोच. मी पहिल्या वेळी सारख्या मापाची चार दारे बिनक्रमांकाची ठेवली होती. दिसायला ती एकसारखी होती, पण बिजागऱ्यांची भोके दारागणिक दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे होती, आणि कोणते दार कुठले हे शोधण्यात ताज्या रंगाच्या कडांना चरे पडले.

प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या आणि स्क्रू त्याच क्रमांकाच्या वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

टप्पा ४: धुणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये. स्वयंपाकाच्या वाफेबरोबर उडालेले तेल कपाटांवर बसते, त्यावर धूळ बसते आणि कालांतराने त्याचा चिवट, मेणचट थर होतो. शेगडीच्या वरची दारे आणि मुठींच्या आजूबाजूची वीतभर जागा येथे तो सर्वांत जाड असतो. ओल्या फडक्याने पुसल्यावर दार स्वच्छ दिसते, पण नखाने खरवडले की नखात पिवळसर मळ येतो. दिसणे आणि असणे यांत इतका फरक दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर नसतो.

धुणे घासण्याच्या आधीच झाले पाहिजे. तेलकट दारावर आधी पॉलिश पेपर चालवला तर चिकटा निघत नाही. तो पेपरने पडलेल्या सूक्ष्म चऱ्यांमध्ये दाबून भरला जातो आणि नंतर कशानेही बाहेर येत नाही.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन पहिला हात फिरवावा. त्यानंतर तेल काढणारे द्रावण किंवा धुण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे, काही मिनिटे मुरू द्यावे, खाचांमध्ये जुना दात घासायचा ब्रश चालवावा आणि पुसून काढावे. धुण्याचा सोडा ओक किंवा सागासारख्या टॅनिनयुक्त उघड्या लाकडावर काळसर डाग पाडू शकतो आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनाही मानवत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी साबणावरच भागवावे. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसणे अत्यावश्यक आहे. राहिलेला साबणही रंगाला तितकाच नडतो.

इशारा: दारे नळाखाली धरू नयेत. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांच्या कडांतून पाणी आत शिरले की त्या फुगतात. फडके पिळलेले असावे आणि धुतलेली दारे रात्रभर उभी करून वाळू द्यावीत.

फर्निचर चमकवण्याचे सिलिकॉनयुक्त फवारे पूर्वी वापरले गेले असतील तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे पडतात. शंका असल्यास दार मिनरल टर्पेंटाइनने, दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी घेऊन, पुन्हा पुसावे. त्या वेळी खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद असावी.

टप्पा ५: दुरुस्ती आणि भोके बुजवणे

नव्या मुठी लावायच्या असतील तर जुन्या मुठींच्या दोन स्क्रूंमधील अंतर आधी मोजावे. हे अंतर मुठीच्या एकूण लांबीवरून ठरत नाही. ते भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायचे असते आणि बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर निघते. त्याच अंतराच्या मुठी घेतल्या तर बुजवणे, घासणे आणि नवी भोके पाडणे हे सगळेच टळते. हे न मोजता आधी मुठी विकत घेणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे.

भोके बुजवायचीच असतील तर पाण्यात कालवायची लांबी, म्हणजे भोके भरायची पुट्टी, मोठ्या भोकात आकसते आणि रंगानंतर तिथे खळगा दिसतो. दोन घटक मिसळून लावायची लांबी फारशी आकसत नाही. ती किंचित उंच भरावी आणि कठीण झाल्यावर सपाट घासावी.

बिजागरीचा स्क्रू सैल फिरत असेल तर भोकात सुताराचा पांढरा गोंद लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या ठोकून बसवाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात आणि कड सपाट कापून मध्यभागी बारीक भोक पाडावे. हे काम रंगानंतर करायला गेलात तर रंग खराब होतो.

टप्पा ६: घासणे

जुना थर पूर्ण काढणे हा येथे हेतू नसतो. चकाकी मोडून प्रायमरला पकड मिळवून द्यायची असते. लाकूड किंवा जुन्या रंगावर १५० क्रमांकाचा आणि लॅमिनेटवर १८० ते २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर पुरतो. लाकडावर तो रेषांच्या दिशेनेच चालवावा. कडांवर आणि कोपऱ्यांवर हात हलका ठेवावा, कारण तिथे आवरण पटकन आरपार जाते. घासताना मुखपट्टी लावावी.

धूळ व्हॅक्यूमने किंवा ब्रशने झाडून किंचित ओल्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपावी.

तपासणी: दार प्रकाशाच्या दिशेने तिरके धरावे. सगळा पृष्ठभाग सारखा मंद दिसला पाहिजे. चमकणारे डाग म्हणजे राहिलेल्या जागा. त्यानंतर पाण्याचे चार थेंब टाकून बोटाने पसरवावेत. पाणी पातळ पसरून राहिले तर ठीक, लगेच आखडून त्याचे गोळे झाले तर तेल अजून आहे आणि टप्पा ४ पुन्हा करावा लागेल.

टप्पा ७: प्रायमर

एका दाराच्या दोन बाजू, प्रत्येकीवर प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात, म्हणजे दारावर सहा वेळा हात फिरतो. शनिवार-रविवारमध्ये सगळे उरकेल असे गृहीत धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. पुरेशा जागेसाठी लाकडी पट्टीतून स्क्रू आरपार घालून त्यांची टोके वर काढावीत आणि त्यांवर दारे आडवी ठेवावीत, म्हणजे कडाही एका वेळी रंगवता येतात.

मागची बाजू नेहमी आधी करावी. पुढची बाजू करताना दार मागच्या बाजूवर टेकते, त्यामुळे टेकल्याच्या खुणा पडल्या तरी त्या कपाटाच्या आत राहतात.

एमडीएफच्या कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्यावेत. पहिला हात कड पिऊन टाकते. जुन्या लाकडातून पिवळे-तपकिरी डाग वर येत असतील तर डाग अडवणारा शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर वापरावा, कारण रंगाचे आणखी हात देऊन हे डाग झाकले जात नाहीत. प्रायमर वाळल्यावर २२० क्रमांकाच्या पेपरने अलगद घासावे. वर आलेले रोम निघून पृष्ठभाग कागदासारखा लागला पाहिजे.

टप्पा ८: रंगाचे दोन पातळ हात

रंग ढवळावा, हलवू नये. डबा हलवल्याने बुडबुडे होतात आणि ते दारावर फुटून टाचणीएवढी भोके राहतात. ढवळलेला रंग गाळून वेगळ्या भांड्यात थोडा-थोडा घ्यावा. डब्यातच ब्रश बुडवला तर धूळ आणि वाळलेले कण सगळ्या रंगात जातात.

चौकटीच्या दारावर क्रम असा असावा: आधी कोरीव खाचा ब्रशने, मग मधला सपाट भाग चार इंची फोमच्या बारीक रोलरने, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी उभ्या पट्ट्या. सांध्यांवर ब्रश त्या-त्या पट्टीच्या दिशेने ओढून थांबवावा, म्हणजे रेघा लाकडाच्या जोडणीसारख्याच दिसतात. सपाट दारावर रोलरने रंग पसरवल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश टोकापासून टोकापर्यंत एकदाच हलकेच ओढावा. एकदा ओढल्यानंतर पुन्हा त्या जागी जाऊ नये. अर्धवट वाळलेल्या रंगात ब्रश घातला की तो रंग ओरबाडला जातो आणि ती खूण वाळल्यानंतर अधिकच उठून दिसते. राहून गेलेली जागा दिसली तर ती दुसऱ्या हातासाठी सोडावी, हे स्वतःला बजावावे लागते.

दहा मिनिटांनी प्रत्येक दाराच्या खालच्या कडा आणि खाचांचे कोपरे पाहावेत. ओघळ तिथेच जमतो आणि ओला असेपर्यंत ब्रशच्या टोकाने उचलता येतो. वाळलेला ओघळ मात्र दोन दिवस तसाच ठेवून मगच घासावा, कारण त्याचा आतला भाग मऊच असतो.

जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात केव्हाही चांगले. तेलातल्या इनॅमलवर आतला थर वाळण्याआधी दुसरा जाड हात दिला तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात, आणि त्यावर सगळे घासून काढण्याखेरीज उपाय नसतो. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेले अंतर पाळावे. दमट हवेत ते वाढवावे. दुसऱ्या हातापूर्वी ३२० क्रमांकाच्या पेपरने हलके घासून धूळ टिपावी.

इशारा: तेलातला रंग किंवा जवसाचे तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवावीत.

टप्पा ९: मुरू देणे

बोटाला रंग लागला नाही म्हणजे तो वाळला. मुरला असे नव्हे. पाण्यातले इनॅमल काही तासांत वाळते, पण पूर्ण कठीण व्हायला उत्पादनानुसार दोन ते चार आठवडे घेते. या काळात दार वापरता येते, पण त्याला तितक्याच बेताने वागवावे लागते. दारे बसवण्यापूर्वी निदान तीन-चार दिवस, आणि शक्य असेल तर आठवडाभर थांबावे. तोपर्यंत ती एकमेकांवर रचू नयेत. मध्ये वर्तमानपत्र घातले तर त्याचा मजकूर दारावर उमटतो.

तपासणी: दाराच्या मागच्या बाजूच्या कोपऱ्यात नख दाबून पाहावे. वण उमटला तर आणखी थांबावे.

टप्पा १०: बसवणे

मुठींची भोके बुजवली असतील तर नवी भोके पाडण्यासाठी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा, आणि तो प्रत्येक दाराच्या त्याच कोपऱ्याला टेकवून खुणा कराव्यात. भोक दर्शनी बाजूने पाडावे आणि मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा, म्हणजे मागची कड फुटत नाही.

दारे क्रमांकाप्रमाणे लावल्यावर ती वाकडी दिसली तरी स्क्रू काढून नवी भोके पाडू नयेत. आत दडणाऱ्या बहुतेक बिजागऱ्यांना तीन समायोजने असतात: पुढच्या स्क्रूने दार डावी-उजवीकडे, मागच्याने आत-बाहेर आणि बैठकीच्या स्क्रूंनी वर-खाली सरकते. आधी सर्व दारांची उंची एका रेषेत आणावी आणि मगच दोन दारांमधील फट सारखी करावी. उलट क्रमाने केले तर फट पुन्हा बिघडते. स्क्रू हातानेच आवळावेत. यंत्राने आवळताना पार्टिकल बोर्डातील भोक एका क्षणात निकामी होते.

दाराच्या आतल्या कोपऱ्यांत पारदर्शक रबरी टिकल्या चिकटवाव्यात, म्हणजे नवा रंग चौकटीला टेकून चिकटत नाही. पहिला महिना दारे फक्त मऊ ओल्या फडक्याने पुसावीत, तारेची घासणी कधीच वापरू नये. उरलेला रंग मोठ्या डब्यात न ठेवता तोंडापर्यंत भरेल अशा लहान काचेच्या बरणीत ओतावा आणि बरणीवर छटेचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी, कारण मुठीपाशी पहिला टवका उडेल तेव्हा हीच छटा लागणार असते.